स्वतःचा हेतू स्वतःला किती कळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय कुठेही निघाला की पुढचे दोन-तीन दिवस मला मेसेज येत राहतात, आणि विचारणारे वेगवेगळे असले तरी प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे नंबर दिलाय.

१. इच्छा आणि हेतू एकच ना?

नाही. इच्छा एकाच वेळी कितीही असू शकतात आणि एकमेकींच्या विरुद्धही असू शकतात, लवकर उठायचंय आणि झोपून राहायचंय ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल एकाच क्षणी खरी असतात. त्यातली एक उचलून 'हे करायचं' असं ठरवलं की तो हेतू, मग ते ठरवणं दोन सेकंदांचं असो नाहीतर दोन वर्षांचं. इच्छेला काही खर्च नसतो. हेतू ठरला की गजर लावावा लागतो, दुसरं काम पुढे ढकलावं लागतं, कोणाला तरी नाही म्हणावं लागतं. मी तरी खूण हीच धरते, त्या गोष्टीसाठी तुम्ही काही हलवलंत का? काहीच हलवलं नसेल तर ती अजून इच्छाच आहे, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त तिला हेतू म्हणू नका.

२. एका वाक्यात सांगा, माणसाला स्वतःचा हेतू कळतो की नाही?

एका वाक्यात होत नाही कारण हे तीन वेगळे प्रश्न आहेत: मी आत्ता काय करतोय, का करतोय, आणि ठरवलेलं माझ्याकडून होणार का.

पहिल्याचं उत्तर आपल्याला जवळजवळ नेहमी बरोबर येतं. उठून दाराकडे चाललेल्या माणसाला 'कुठे चाललास' विचारलं तर तो आधी स्वतःच्या पायांकडे बघून अंदाज बांधत नाही, 'दार लावायला' असं लगेच सांगतो. अंदाज बांधावा लागतो तो बघणाऱ्याला. दुसऱ्या प्रश्नात मात्र आपण स्वतःला वाटतं त्यापेक्षा बरेच कच्चे आहोत (३, ४), आणि तिसऱ्यात आपण चुकतो तेव्हा बहुतेक वेळा स्वतःच्याच बाजूने चुकतो (८, ९). सगळा घोळ होतो तो पहिल्या प्रश्नातली खात्री आपण नकळत बाकीच्या दोन्हींना लावतो म्हणून.

३. माझ्या मनातलं मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बऱ्याचदा थोडा रागावून, आणि राग मला समजतो. पण १९७७ मध्ये रिचर्ड निसबेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दिलेलं एक उदाहरण बघा. टेबलावर नायलॉनच्या लांब मोज्यांच्या चार जोड्या ओळीने ठेवल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं, यातली सगळ्यात चांगली कोणती. लोक निवडत गेले, आणि उजव्या टोकाच्या जोडीला खूपच जास्त पसंती मिळाली, जवळजवळ चारास एक या प्रमाणात. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. हीच का निवडली असं विचारल्यावर लोकांनी कारणं सांगितली, पण 'ती उजवीकडे होती म्हणून' असं एकानेही आपणहून सांगितलं नाही, आणि जागेमुळे फरक पडला असेल का असं सरळ विचारलं तर जवळजवळ सगळ्यांनी ते उडवून लावलं.

त्यांनी यावरून काढलेला मुद्दा मला अजूनही पटतो. आपण 'का' सांगतो तेव्हा बहुतेक वेळा आत डोकावून काही वाचत नसतो, अशा वेळी माणूस साधारण कशामुळे असं करतो याचा आपल्या डोक्यात एक तयार अंदाज असतो, तो लावतो. तो अंदाज कित्येकदा बरोबरही निघतो! पण शेजारी बसलेला अनोळखी माणूसही तोच अंदाज लावू शकला असता.

४. म्हणजे लोक कारणं देतात तेव्हा खोटं बोलत असतात का?

नाही, आणि हे नीट समजून घ्या कारण इथूनच लोक एकमेकांवर आरोप करायला लागतात. खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. इथे माणसाला खरं माहीतच नसतं आणि तरी उत्तर तयार होऊन येतं, तेही इतक्या सहज की ते आत्ता तयार झालंय हे त्याचं त्यालाही जाणवत नाही.

मायकल गॅझॅनिगा यांनी तपासलेल्या एका पेशंटची गोष्ट सांगते. एपिलेप्सीच्या उपचारासाठी मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारे तंतू कापलेले होते, त्यामुळे एका बाजूने पाहिलेलं दुसरीला कळत नव्हतं. बोलणाऱ्या डाव्या बाजूला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्या बाजूला बर्फाने भरलेलं दृश्य, आणि समोरच्या चित्रांमधून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी दाखवली, आणि डाव्या हाताने, जो मेंदूची उजवी बाजू हलवते, बर्फ उपसायचं फावडं. फावडं का? बर्फ तर बोलणाऱ्या बाजूने पाहिलाच नव्हता. तरी तो न अडखळता म्हणाला की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

आपला मेंदू कापलेला नाही, मान्य. पण २००५ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या धडधाकट लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडणारा निवडायला सांगितला, आणि मधेच हातचलाखी करून न निवडलेला फोटो हातात देऊन विचारलं, हा का आवडला? अदलाबदल फार कमी वेळा पकडली गेली, सगळी मिळून साधारण चारातून एकदा. बाकीच्यांनी जो चेहरा निवडलाच नव्हता तो का आवडला हे समजावून सांगितलं. हे वाचल्यापासून मी समोरच्याने दिलेलं कारण पटलं नाही तरी 'खोटं बोलतोस' म्हणत नाही.

५. मेंदू आपल्या आधीच ठरवतो असं सिद्ध झालंय म्हणे?

सिद्ध झालंय म्हणणं जास्त होईल. बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग सगळे सांगतात तो असा: वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवायची ऊर्मी नक्की कधी जाणवली ते घड्याळासारख्या फिरत्या ठिपक्यावरून लक्षात ठेवा. मेंदूतली विद्युत हालचाल कृतीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी चढायला लागायची आणि लोकांना ऊर्मी जाणवायची ती साधारण २०० मिलिसेकंद आधी. त्यावरून 'निर्णय आधीच झालेला असतो, आपल्याला मागाहून कळतं' असा अर्थ काढला गेला.

पण २०१२ मध्ये ॲरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूत सतत चालू असलेले चढउतार योगायोगाने एका पातळीला पोचले की हालचाल होते असं धरलं, तरी हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत अनेक वेळांची सरासरी काढताना तोच चढ दिसतो. म्हणजे तो चढ हा आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. आणि माझं स्वतःचं म्हणणं असं की बिनकारण मनगट हलवणं आणि नोकरी सोडायचं ठरवणं या गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. नोकरी सोडणारा माणूस सहा महिने त्या विचारात असतो.

६. हात आपोआप हलतो, मी काही करत नाही, असं होऊ शकतं का? प्लँचेटमध्ये होतं तसं?

होतं, आणि २ मध्ये मी 'जवळजवळ नेहमी' म्हटलं ते यासाठीच. टेबल आपोआप फिरतं असा दावा जोरात होता तेव्हा १८५३ मध्ये मायकल फॅरडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकू शकतील असे थर ठेवले. टेबल ओढत असेल तर खालचा थर आधी सरकायला हवा. आधी सरकला तो हाताला लागून असलेला वरचा. माणसंच ढकलत होती, अगदी प्रामाणिकपणे, आपण ढकलतोय याची कल्पना नसताना. तेव्हा वाटी सरकली आणि 'मी नाही सरकवली' असं कोणी कळकळीने सांगितलं तर तो माणूस खरं सांगत असेल आणि वाटी त्यानेच सरकवलेली असेल, दोन्ही.

७. मनात भयंकर विचार येतात, जवळच्या माणसाला इजा करण्याचे वगैरे. म्हणजे माझा तो छुपा हेतू आहे का?

नाही. हा प्रश्न लोक रात्री उशिरा पाठवतात, आणि पाठवताना किती घाबरलेले असतात ते शब्दांवरून कळतं, म्हणून स्पष्ट लिहिते. विचार येणं म्हणजे हेतू असणं नव्हे. १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात ९४% जणांनी सांगितलं की गेल्या तीन महिन्यांत निदान एक तरी असा नकोसा विचार आपल्या डोक्यात घुसला होता. तो विचार आला की तुमच्या पोटात गोळा येतो, तुम्ही सुरी लांब ठेवता, त्या माणसाजवळ एकटं बसायचं टाळता. १ मधली खूण इथे लावून बघा, तुम्ही जे काही हलवलंय ते सगळं तसं होऊ नये म्हणून हलवलंय.

विचार सारखे येत असतील आणि ते दाबण्यात दिवस जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, यावर चांगले उपचार आहेत. आणि तो विचार नकोसा न वाटता हवासा वाटत असेल, किंवा त्या दिशेने तयारी चालू असेल, तर ती गोष्ट वेगळी, मग आजच कोणाशी तरी बोला.

८. मी मनापासून ठरवते पण होत नाही. म्हणजे मला ते करायचंच नव्हतं का?

घरच्यांचं हे आवडतं वाक्य असतं, 'तुला करायचंच नाहीये'. पण कळतं पण वळत नाही हा प्रकार अगदी खरा आहे आणि मोजलेलाही आहे. पाश्चल शीरन यांनी २००२ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर माणसामाणसांच्या वागण्यातला जो फरक दिसतो त्यातला साधारण २८% फरकच त्यांच्या हेतूवरून सांगता येत होता. बाकी सवय, आठवण न राहणं, परिस्थिती, ऐनवेळी मधे येणारं काहीतरी. तेव्हा झालं नाही एवढ्यावरून हेतू खोटा ठरत नाही.

पीटर गोलवित्झर यांचा एक साधा उपाय आहे, 'व्यायाम करणार' ऐवजी 'संध्याकाळी बूट काढायच्या आधीच फिरायला बाहेर पडणार' असं कधी-कुठे-कसं जोडून ठरवायचं. गोलवित्झर आणि शीरन यांनीच २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र पाहिल्या, त्यात याचा चांगला परिणाम दिसला. मला तो दुसऱ्याच कारणासाठी आवडतो. वेळ-जागा लिहायला बसलं आणि आतून काहीतरी आडवं येतंय, एकही दिवस सोयीचा वाटत नाहीये असं झालं, तर तिथे मात्र घरच्यांचं वाक्य खरं असायची शक्यता आहे. हे कागदावर पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी सहा महिने स्वतःला कोसत बसायला नको.

९. मी कसा वागेन हे मला आधी सांगता येतं का?

दुसऱ्यांबद्दल बऱ्यापैकी, स्वतःबद्दल कमी. निकोलस एपली आणि डेव्हिड डनिंग यांनी २००० साली छापलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, कॅन्सरसाठी निधी जमवायला फुलं विकणार आहेत, तू घेशील का. ८३% म्हणाले घेणार. बाकीचे किती घेतील? ५६%. प्रत्यक्षात घेतली ४३% जणांनी. बघा, दुसऱ्यांबद्दलचा अंदाज खऱ्याच्या जवळ होता, स्वतःबद्दलचा लांब. कारण दुसऱ्याचा अंदाज बांधताना आपण माणसं एरवी कशी वागतात ते आठवतो आणि स्वतःचा बांधताना स्वतःचं मन किती चांगलं आहे ते.

वेळेचंही तेच. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल विचारलं, सरासरी अंदाज ३३.९ दिवस, लागले ५५.५. सगळं बिघडलं तर किती लागतील असंही विचारलं होतं, तो अंदाज ४८.६. म्हणजे सगळं बिघडेल असं धरून केलेला हिशोबसुद्धा कमीच पडला. मी आता 'मला किती वेळ लागेल' असा विचारच करत नाही, 'मागच्या वेळी किती लागला होता' एवढंच आठवते.

१०. माझा हेतू चांगला होता हे मी कसं ओळखायचं?

'चांगला वाटत होता' हा पुरावा धरू नका एवढं नक्की सांगेन. डॅनियल बॅटसन यांनी १९९७ मध्ये लोकांना दोन कामं दिली, एकात बक्षिसाची संधी, दुसरं कंटाळवाणं, आणि स्वतःला कोणतं, दुसऱ्याला कोणतं ते तुम्हीच ठरवा, हवं तर नाणं उडवा असं सांगितलं. ज्यांनी एकांतात नाणं उडवलं त्यांच्यातल्या ९०% जणांच्या वाट्याला चांगलं काम 'आलं'. नाणं असं पडत नाही. आणि तरी नाणं उडवणाऱ्यांना आपण न उडवणाऱ्यांपेक्षा जास्त नीतीने वागलो असंच वाटत होतं. न्यायाने वागल्यासारखं वाटणं त्यांना मिळालं, कामही मिळालं.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: यातला एक भाग काढून टाकला तरी मी हे करेन का? कोणाला कधीच कळणार नसेल तर? आभार मानले जाणार नसतील तर? उत्तर 'नाही' आलं म्हणजे हेतू वाईट होता असं नव्हे, फक्त त्यात आणखी काय होतं ते कळतं (१२ बघा).

११. मग बसून खोलवर विचार केला, डायरी लिहिली तर कळेल ना?

'का' शोधायला फार उपयोग होत नाही, कधी उलटंच होतं. विल्सन (३ मधलेच) आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना भिंतीवर लावायची पोस्टर्स निवडायला दिली, काहींना आधी आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली. काही आठवड्यांनी फोन केला तर कारणं लिहिणारे आपल्या निवडीवर कमी खूश होते. शब्दांत मांडता येणारी कारणं पुढे आली आणि आवड मागे राहिली.

डायरी लिहायचीच तर 'का वागले' ऐवजी 'काय वागले' लिहा. तारीख, काय ठरवलं होतं, काय केलं. तीन महिन्यांनी वाचताना दुसऱ्या कोणाची वाचल्यासारखी वाचा.

१२. एकाच गोष्टीमागे दोन हेतू असतील तर खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

वडील आजारी होते तेव्हा रात्री हॉस्पिटलमध्ये मीच थांबायचे. सगळ्यांना सांगायचे की भावाला सकाळी लवकर कामावर जायचं असतं, त्याची झोप मोडायला नको, आणि ते खरंच होतं, मी ते जुळवून सांगत नव्हते. अकराव्या की बाराव्या रात्री तो पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, ताई आज तू घरी जा, मी रजा टाकलीये. मी दमलेली होते, पाठ धरली होती, आणि मला चक्क राग आला. मी त्याला औषधांच्या वेळा दोनदा सांगितल्या, तिसऱ्यांदा कागदावर लिहून दिल्या, खुर्चीवरची चादर घडी करून परत उलगडली. तो म्हणाला, अगं मला माहितीये सगळं. लिफ्टमध्ये मला रडू आलं. भावाची झोप हे जर सगळं कारण असतं तर मला बरं वाटायला हवं होतं ना. मला बाबांजवळ मी असायला हवं होतं, शेवटी त्यांनी कोणाला हाक मारली तर ती मला मारावी असं वाटत होतं. हे मला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं, राग आला म्हणून कळलं.

तेव्हापासून मी कारणांपेक्षा अशा जागी जास्त लक्ष देते, जिथे सांगितलेल्या हेतूप्रमाणे आनंद व्हायला हवा आणि होत नाही. भावाबद्दलची काळजी त्यामुळे खोटी ठरली का? नाही. ती होतीच, फक्त एकटी नव्हती.

१३. जवळच्या माणसांना माझा हेतू माझ्यापेक्षा जास्त कळतो का?

काही बाबतीत. सिमिन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात काळजी, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टी ज्याच्या त्याला जास्त बरोबर सांगता आल्या, पण बुद्धी, कल्पकता अशा जिथे स्वतःबद्दल चांगलं वाटून घ्यायचा मोह असतो तिथे मित्रमंडळींचा अंदाज जास्त जवळ निघाला. हेतूबद्दल मी हेच वापरते. कसं वाटतंय हे तुम्ही सांगा, तुम्ही नेहमी काय करता हे त्यांना विचारा. पण 'तुझ्या मनात काय आहे ते मला बरोबर माहितीये' असं म्हणत कोणी भांडायला आलं तर त्याच्याकडेही अंदाजच असतो (३), आणि भांडताना तो अंदाज कोणाच्या बाजूने झुकतो ते सांगायला नको.

१४. 'माझा तसा हेतू नव्हता' असं म्हटल्यावर विषय संपायला हवा ना?

तुमच्यासाठी संपतो, समोरच्यासाठी नाही, कारण आपण स्वतःला मनातल्या गोष्टीवरून मोजतो आणि दुसऱ्याला वागण्यावरून. शिवाय नुकसान झालं की लोक हेतू सहज गृहीत धरतात. जोशुआ नोब यांनी २००३ मध्ये एक गोष्ट सांगून विचारलं: कंपनीचा प्रमुख म्हणतो मला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, फक्त नफा हवा, आणि पुढे पर्यावरणाचं नुकसान होतं. ते त्याने मुद्दाम केलं का? ८२% म्हणाले हो. हीच गोष्ट पर्यावरणाला फायदा होतो अशी बदलून सांगितली तर मुद्दाम केलं म्हणणारे २३%. प्रमुखाचं मन दोन्हीकडे तेच होतं. तेव्हा आधी जे झालं त्याबद्दल बोला, हेतूचं नंतर, आणि समोरच्याने विचारलं तरच.

१५. सहज काहीतरी केलं आणि कारण मागाहून चिकटवलं, तर ते कारण कायम खोटंच राहतं का?

नाही, आणि हा सगळ्यात विचित्र भाग आहे. लुंडच्या त्याच लोकांनी (४) पुढे दाखवलं की अदलाबदल केलेला फोटो आपणच निवडला असं मानून कारणं सांगणारे लोक नंतर परत निवडायला दिल्यावर त्याच फोटोकडे जास्त झुकतात. चुकून हातात आलेली गोष्ट, तिच्याबद्दल चांगलं बोलता बोलता आपली होते. एखादा कोर्स मैत्रीण जातेय म्हणून घेतला, विचारणाऱ्यांना 'मला विषय आवडतो' सांगत राहिलात, आणि चौथ्या वर्षी तुम्ही रात्री दोन वाजता कोणी सांगितलेलं नसताना त्याच विषयाचं वाचत बसला आहात. पहिल्या दिवशीचं कारण अजूनही मैत्रीण हेच आहे, ते बदलत नाही. पण आत्ता पुस्तक हातात आहे ते तिच्यासाठी नाही.